केंद्रकी: काम चालू असेतोवरच टिकणारं पेशीतलं अंगक

पेशीचं चित्र काढताना केंद्रकाच्या गोलात एक गडद ठिपका काढायचा, त्याला बाण दाखवून 'केंद्रकी' लिहायचं, आणि बहुतेकांची तिच्याशी ओळख तिथेच संपते. पाठ्यपुस्तकात तिच्या वाट्याला एखादं वाक्य येतं: केंद्रकी रायबोझोम, म्हणजे प्रथिनं जोडणारी यंत्रं, तयार करते. वाक्य बरोबर आहे, पण त्यातून हाती फारसं काही लागत नाही. रायबोझोमसाठी वेगळी जागा का लागते? केंद्रकीभोवती पटल नाही, मग ती विरघळून कशी जात नाही? आणि पेशी विभागायला लागली की ती दिसेनाशी का होते? मला यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर कळलं की बाकीची कोडी बरीचशी सुटतात.

दिसायला केंद्रकी सोपी आहे. ती केंद्रकातला सगळ्यात दाट भाग असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातही नजरेत भरते. इटलीच्या फेलिचे फोंताना यांनी १७८१ मध्ये ईल माशाच्या पेशींत तिची नोंद केली होती. १८३०च्या दशकात वागनर आणि व्हॅलेंटिन या जर्मन शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं ती सगळ्यांना दिसत होती आणि ती काय करते हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कोणाला ती साठवलेलं द्रव्य वाटली, कोणाला पेशीतला टाकाऊ माल.

पहिला पक्का धागा सापडला तो गुणसूत्रांवर. जर्मनीत एमिल हाइट्झ आणि अमेरिकेत बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी १९३०च्या दशकात दाखवलं की केंद्रकी कुठेही उगवत नाही. ती ठरावीक गुणसूत्राच्या ठरावीक जागीच तयार होते. मक्यात ही जागा सहाव्या गुणसूत्रावर आहे. मॅक्‌क्लिंटॉक यांना क्ष-किरणांमुळे गुणसूत्रांची अदलाबदल झालेलं एक मक्याचं झाड मिळालं. त्यात सहावं गुणसूत्र नेमकं या जागेवरच तुटलं होतं आणि जागेचे दोन भाग वेगवेगळ्या गुणसूत्रांवर गेले होते. दोन्ही भागांनी आपापली केंद्रकी तयार केली! म्हणजे तिथे एखादा एकसंध अवयव नव्हता. अर्ध्यात तोडली तरी दोन्हीकडे काम करू शकेल, असं काहीतरी तिथे होतं. १९३४ साली त्यांनी हे छापलं तेव्हा जनुक कशाचं बनलेलं असतं हेही ठाऊक नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की त्या जागी एकाच जनुकाच्या पुष्कळ प्रती ओळीने मांडलेल्या असतात. म्हणून ओळ मध्येच तोडली तरी दोन्ही बाजूंना पुरेशा प्रती उरतात.

केंद्रकीचं काम सिद्ध झालं ते बेडकामुळे. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या पेशींत साधारणपणे दोन केंद्रक्या असतात. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत काही बेडूक असे सापडले की त्यांच्या पेशींत एकच केंद्रकी होती. बेडूक ठणठणीत होते. पण अशा दोघांची पिल्लं झाली, की त्यातल्या साधारण पाव पिल्लांत केंद्रकी अजिबात नसायची. आनुवंशिकतेच्या हिशेबाने अगदी अपेक्षित प्रमाण. ही पिल्लं अंड्यातून बाहेर येत, पोहूही लागत, आणि मग त्यांची वाढ खुंटून ती मरत. १९६४ मध्ये डोनाल्ड ब्राऊन आणि जॉन गर्डन यांनी या पिल्लांचा आरएनए, म्हणजे जनुकांवरून निघणाऱ्या नकला, तपासला. संदेशवाहक आरएनए तयार होत होता आणि आकाराने लहान असे इतर आरएनएही होते. फक्त रायबोझोमचे दोन मोठे आरएनए नव्याने बनत नव्हते. केंद्रकी नाही, तर रायबोझोमचा आरएनए नाही. इतकं स्वच्छ उत्तर देणारे प्रयोग जीवशास्त्रात फार थोडे आहेत.

पण मग ही पिल्लं पोहण्याइतकी तरी कशी वाढली? आईने अंड्यात भरून ठेवलेल्या रायबोझोमवर. बेडकाची अंडपेशी तयार होताना रायबोझोमच्या जनुकांच्या हजारो जादा प्रती काढते. या प्रती गुणसूत्रापासून सुट्या असतात आणि त्यांच्याभोवती एकाच केंद्रकात हजारभराहून जास्त केंद्रक्या तयार होतात. पुढच्या पिढीचे पहिले काही दिवस या साठ्यावर निघतात. साठा पुरेनासा झाला आणि स्वतःचं उत्पादन शून्य असलं, की पिल्लू संपतं.

इतक्या रायबोझोमची गरज का पडते, ते इथे नीट पाहायला हवं. रायबोझोम म्हणजे प्रथिनं जोडणारं यंत्र. संदेशवाहक आरएनएवरचा मजकूर वाचत ते एकेक अमिनो आम्ल साखळीत गुंफतं. पेशीतली जवळपास सगळी प्रथिनं याच यंत्रातून बाहेर पडतात. वाढत्या मानवी पेशीत असे साधारण एक कोटी रायबोझोम असतात. पेशी दिवसातून एकदा विभागत असेल, तर दोन्ही नव्या पेशींना पुरवठा व्हावा म्हणून चोवीस तासांत आणखी एक कोटी तयार व्हायला हवेत. भागाकार केला तर हिशेब मिनिटाला सुमारे सात हजारांवर जातो. झोपेत, जागेपणी, पेशी वाढत असेल तोवर हा वेग चालू राहतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. एखादं प्रथिन भरपूर हवं असेल तर पेशीला एक सोय आहे: जनुकाची एक प्रत काढायची आणि त्या एका संदेशावरून हजारो प्रथिनं बनवायची. रायबोझोमच्या आरएनएला ही सोय नाही. तो आरएनए हाच शेवटचा माल. एका रायबोझोमला प्रत्येक आरएनएची एक प्रत लागते, आणि ती थेट जनुकावरूनच काढावी लागते. म्हणून पेशीने जनुकंच वाढवली. माणसाच्या पेशीत रायबोझोमच्या जनुकाच्या काही शे प्रती असतात. त्या १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर ओळीने मांडलेल्या आहेत. प्रत्येक गुणसूत्र जोडीने असतं, म्हणून अशा दहा जागा. एकसारखा मजकूर इतक्या वेळा लागोपाठ आला की तो वाचून जुळवणं महाकठीण होतं. मानवी जनुकसंच 'पूर्ण वाचला' असं २००३ मध्ये जाहीर झालं, तेव्हा या आखूड भुजा रिकाम्याच सोडलेल्या होत्या. त्या भरल्या गेल्या २०२२ मध्ये.

आता आत शिरू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मानवी केंद्रकीचे तीन भाग दिसतात, एकात एक बसलेले. मधोमध फिकट तंतुमय केंद्रं, त्यांच्याभोवती दाट तंतुमय थर, आणि या सगळ्याला वेढणारा कणीदार भाग. एका केंद्रकीत मधल्या केंद्रांची संख्या बरीच असू शकते. आरएनए ज्या क्रमाने तयार होतो त्याच क्रमाने हे थर आतून बाहेर लागलेले आहेत, आणि मला केंद्रकीची रचना यामुळेच फार आवडते. तिथे कुठला थर काय करतो हे वेगळं पाठ करावं लागत नाही, आरएनएसोबत आतून बाहेर चालत गेलं की पुरे.

जनुकं फिकट केंद्रांत असतात. केंद्र आणि दाट थर यांच्या सीमेवर आरएनए पॉलिमरेज १ नावाचं एन्झाइम जनुकाची नक्कल काढतं. हे एन्झाइम एवढ्या एकाच कामासाठी राखीव आहे. एका जनुकावर एका वेळी शंभरेक एन्झाइमं एकामागे एक धावत असतात. नुकतं निघालेलं असतं त्याची आरएनएची शेपटी आखूड, पुढे गेलेल्याची लांब. १९६९ मध्ये ऑस्कर मिलर आणि बार्बरा बीटी यांनी उभयचराच्या अंडपेशीतल्या केंद्रक्या जवळजवळ शुद्ध पाण्यात फुगवून पसरवल्या आणि हे दृश्य प्रत्यक्ष टिपलं. मधे डीएनएचा बारीक दोरा, त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या आरएनएच्या फांद्या, टोकाकडे आखूड आणि बुंध्याकडे लांब होत जाणाऱ्या. एकामागे एक अशी कितीतरी झाडं, मधे थोडी मोकळी जागा सोडून. ही छायाचित्रं ख्रिसमस ट्री म्हणूनच ओळखली जातात. जनुकावर काम चालू असताना ते डोळ्यांनी पाहायला मिळालं ते पहिल्यांदा यांत. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक गाठ दिसते. ती म्हणजे आरएनए पूर्ण होण्याआधीच त्यावर चढलेलं, त्याची काटछाट करणारं प्रथिनांचं यंत्र, हे पुढे बऱ्याच वर्षांनी स्पष्ट झालं.

काटछाट लागते, कारण निघालेली नक्कल जरुरीपेक्षा लांब असते. माणसात ती साधारण तेरा हजार अक्षरांची असते. तिच्यातून १८एस, ५.८एस आणि २८एस (हे आकडे त्यांच्या आकारमानाची खूण) असे तीन आरएनए कापून काढले जातात. तिघांची बेरीज सात हजारांच्या आसपास भरते. बाकीचा, म्हणजे जवळजवळ निम्मा भाग मोडून टाकला जातो. कापण्याबरोबरच दोनशेच्या आसपास अक्षरांत बारीक रासायनिक बदल करायचे असतात, तेही नेमक्या ठिकाणी. ती ठिकाणं दाखवायला केंद्रकीत छोटे मार्गदर्शक आरएनए असतात. त्यांचा काही मजकूर लक्ष्याशी तंतोतंत जुळतो, त्यामुळे ते योग्य जागी जाऊन चिकटतात आणि सोबतचं एन्झाइम त्या अक्षरावर काम करतं. हे सगळं दाट थरात घडतं. फायब्रिलॅरिन हे इथलं ओळखीचं प्रथिन.

मग कणीदार भाग. इथे आरएनएवर प्रथिनं बसवली जातात आणि रायबोझोमचा लहान व मोठा भाग आकार घेतो. मानवी रायबोझोममध्ये ऐंशी प्रथिनं असतात. ती तयार होतात केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात, जुन्या रायबोझोमवरच. तिथून ती केंद्रकपटलाच्या छिद्रांतून आत येतात, केंद्रकीत पोचतात, आरएनएवर चढतात आणि जुळणी बरीचशी झाली की त्याच छिद्रांतून परत बाहेर जातात. चौथा आरएनए, ५एस, वेगळ्याच गुणसूत्रावर, दुसऱ्याच एन्झाइमकडून तयार होतो आणि इथे येऊन मोठ्या भागात बसतो. या जुळणीत हातभार लावून स्वतः मात्र रायबोझोममध्ये न राहणारी प्रथिनं दोनशेहून जास्त आहेत. शेवटचे काही फेरफार पेशीद्रवात होतात. अर्धवट रायबोझोमने केंद्रकातच प्रथिनं बनवायला सुरुवात करू नये, याची खबरदारी त्यात आहे.

आता पटलाचा प्रश्न. तंतुकणिकेला, आंतर्द्रव्यजालिकेला पटल असतं. केंद्रकीला नाही, तरी तिची कड स्वच्छ दिसते आणि आतले तीन थरही मिसळत नाहीत. २०११ मध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, टिमोथी मिचिसन आणि अँथनी हायमन यांनी बेडकाच्या अंडपेशीत दाखवलं की केंद्रकी चक्क द्रवाच्या थेंबासारखी वागते. दोन केंद्रक्या एकमेकींना टेकल्या की एक होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा गोल होतात. यामागे काही प्रथिनांचा आणि आरएनएचा स्वभाव आहे. त्यांच्या लांबीवर एकमेकांना हलकेच धरणाऱ्या पुष्कळ जागा असतात. अशा रेणूंची दाटी ठरावीक मर्यादेपुढे गेली की ते भोवतालच्या द्रवातून वेगळे होऊन थेंब करतात. थरांचंही तेच. २०१६ मध्ये फायब्रिलॅरिन आणि एनपीएम१ ही दोन शुद्ध प्रथिनं आरएनएसोबत परीक्षानळीत एकत्र आणल्यावर आपोआप एकात एक थेंब तयार झाले, फायब्रिलॅरिन आत आणि एनपीएम१ बाहेर, पेशीत असतात तसेच. पृष्ठताणातला फरक हा क्रम ठरवतो.

केंद्रकीला रायबोझोमचा कारखाना म्हणायची पद्धत आहे. ती मला अपुरी वाटते, कारण काम बंद पडलं तरी कारखान्याची इमारत उभी राहते. केंद्रकीची इमारत त्या कामातूनच उभी राहिलेली असते. आरएनए सतत निघतो, त्याला प्रथिनं चिकटतात, त्यांची दाटी होते, दाटीचा थेंब होतो. ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध अगदी कमी मात्रेत दिलं तर ते नेमकं पॉलिमरेज १ चं काम थांबवतं. थोड्याच वेळात केंद्रकी आकसते, आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि जनुकं असलेला भाग कडेला टोपीसारखा सरकतो. पेशीविभाजनात हीच गोष्ट ठरवून घडवली जाते. विभाजन सुरू करणारं सीडीके१ हे एन्झाइम पॉलिमरेज १ च्या सहकारी प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचं काम बंद करतं. नवा आरएनए थांबतो, थेंब विरतो. विभाजन संपून सीडीके१ शांत झालं की काम पुन्हा सुरू होतं आणि जनुकांच्या जागांवर छोट्या केंद्रक्या उमटतात. दहा जागा असूनही आपल्याला बहुधा दोन-तीनच दिसतात, कारण जवळच्या थेंबांचा पुढे एकच थेंब होतो.

म्हणूनच केंद्रकीचा आकार पाहून पेशी किती कामात आहे ते ओळखता येतं. विश्रांतीतल्या लसीकापेशीत ती इवलीशी असते. जंतूची चाहूल लागून तीच पेशी विभागायला लागली की केंद्रकी फुगते. मोठ्या चेतापेशींत ती ठसठशीत असते, कारण लांबलचक शाखांना सतत प्रथिनं पुरवायची असतात. कर्करोगाचं निदान करणारे तज्ज्ञ केंद्रकीकडे मुद्दाम बघतात. उदाहरणार्थ, पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या नमुन्यात मोठ्या, उठून दिसणाऱ्या केंद्रक्या हे कर्करोगाच्या महत्त्वाच्या खुणांपैकी एक आहे. बेसुमार वाढणाऱ्या पेशीला बेसुमार रायबोझोम लागतात. ते पुरवणारी केंद्रकी लपून राहू शकत नाही.

इतक्या मोठ्या कामात बिघाड झाला तर पेशीला तो कळायलाच हवा, आणि कळतो. पी५३ हे प्रथिन पेशीची वाढ थांबवतं, वेळ आलीच तर पेशीला मरायला लावतं. एरवी एमडीएम२ हे दुसरं प्रथिन पी५३ चा सतत नाश करवत असतं. केंद्रकीतली जुळणी अडली की ५एस आरएनए आणि रायबोझोमची दोन प्रथिनं यांचा छोटा संच रायबोझोममध्ये न बसता मोकळा राहतो. तो जाऊन एमडीएम२ ला धरून ठेवतो. मग पी५३ साठतं आणि वाढ थांबते. कर्करोगावरची काही जुनी औषधं या वाटेनेही परिणाम करतात.

हीच सूचनायंत्रणा जन्मजात आजारांत मात्र उलटते. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमियात रायबोझोमच्या एखाद्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. असं पहिलं जनुक, आरपीएस१९, १९९९ मध्ये सापडलं. लाल रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींना थोड्या वेळात खूप प्रथिनं बनवायची असतात, म्हणून फटका त्यांना बसतो. ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये पॉलिमरेज १ च्या कामाला लागणाऱ्या ट्रीकल या प्रथिनाचं जनुक बहुतेकदा सदोष असतं. गर्भात चेहऱ्याची हाडं ज्या पेशींपासून घडतात त्या वाढीच्या ऐन घाईत असतात. रायबोझोम कमी पडले की त्यांच्यात पी५३ जागं होतं, पुष्कळ पेशी मरतात आणि गालाची व जबड्याची हाडं नीट भरत नाहीत. उंदरांत पी५३ चं प्रमाण कमी केल्यावर हा दोष टळला, असं २००८ मध्ये दिसलं. दोष जनुकात असला तरी हानी करत होती ती सूचनायंत्रणा, हे या प्रयोगाने उघड केलं. आणखी एक दुवा रक्ताच्या कर्करोगाचा. प्रौढांतल्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत एनपीएम१ चं जनुक बदललेलं असतं. त्यामुळे कणीदार भागात राहणारं हे प्रथिन केंद्रकाबाहेर पेशीद्रवात जमतं. निदानात आणि उपचार ठरवताना ही तपासणी आता नेहमीची झाली आहे.

वार्धक्याशीही केंद्रकीचा संबंध लागतो. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी जास्त जगणाऱ्या कृमी, माश्या आणि उंदरांत केंद्रक्या लहान असल्याचं दाखवलं. कृमींमध्ये फायब्रिलॅरिन कमी केल्यावर त्यांचं आयुष्यही वाढलं. यावरून माणसाबद्दल घाईने काही ठरवू नये. पण रायबोझोम बनवणं हा पेशीच्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक आहे, हे लक्षात घेतलं तर हा निष्कर्ष अनपेक्षित वाटत नाही.

रायबोझोमशी संबंध नसलेली कामंही केंद्रकी करते. यीस्टमध्ये विभाजन संपवणारं सीडीसी१४ हे प्रथिन ती आपल्यात अडकवून ठेवते आणि गुणसूत्रं वेगळी व्हायच्या वेळीच सोडते. २०१९ मध्ये असंही दिसलं की पेशीला उष्णतेचा ताण बसला की घडी बिघडलेली काही प्रथिनं केंद्रकीच्या कणीदार भागात येऊन थांबतात. तिथे ती एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, आणि ताण ओसरल्यावर त्यांची घडी नीट करून त्यांना बाहेर काढलं जातं. ताण फार वेळ टिकला मात्र, तर हा भाग आपला प्रवाहीपणा गमावून घट्ट होत जातो आणि अडकलेली प्रथिनं तिथेच राहतात.